ठेकेदारीसाठी कंपनी काढायची आहे? आधी सीए नीट निवडा (इंदूरच्या व्यावसायिकांसाठी)

पीथमपूरच्या कारखान्यातला परचेस मॅनेजर सांगतो, "पुढची वर्क ऑर्डर प्रोप्रायटरच्या नावानं निघणार नाही, प्रायव्हेट लिमिटेड करून या." किंवा सुपर कॉरिडॉरवरची नोकरी सोडून परदेशातल्या क्लायंटचं सॉफ्टवेअरचं काम थेट घ्यायचं ठरतं. दोन्ही वेळी माणूस सीएला फोन लावतो आणि विचारतो, "कंपनी काढायचे किती घ्याल?"

कंपनीची नोंदणी हे दहा-पंधरा दिवसांचं काम आहे. त्यानंतर दर महिन्याला, दर तिमाहीला, दर वर्षाला जे भरावं लागतं ते कंपनी रीतसर बंद होईपर्यंत सुटत नाही. आणि ते सगळं भरणारा माणूस तुम्ही त्या एका फोनवर, नोंदणीचा दर ऐकून ठरवून टाकलेला असतो. म्हणून क्रम उलटा करा: सीए आधी, कंपनी नंतर.

कंपनी हवीच का, हे त्याच्याकडूनच काढून घ्या

चांगला सीए अर्जाला हात लावण्याआधीच ओळखू येतो. वर्षाची जमा किती, खरा खर्च किती, घरी किती लागतात, क्लायंट कोण आणि किती, हे विचारल्याशिवाय जो "कंपनीसाठी दोन नावं सुचवा" म्हणतो, त्याच्याकडे पुढची चौकशी करण्यात अर्थ नाही. कंपनी काढली की त्याला दरवर्षीचं ऑडिट मिळतं. नको म्हटलं तर त्याचं काम घटतं. तरीही जो आकडेमोड करून "सध्या गरज नाही" म्हणू शकतो, त्याच्यावर पुढे विसंबता येतं.

ती आकडेमोड अशी असते. समजा सॉफ्टवेअरचं कंत्राटी काम करणाऱ्याची वर्षाची जमा ४० लाख आणि खरा खर्च ८ लाख आहे. आयकरात इंजिनिअरिंग, तांत्रिक सल्ला, माहिती तंत्रज्ञान अशा ठरावीक व्यवसायांसाठी जमेच्या निम्मी रक्कम नफा धरायची सोय आहे. लोक तिला अजून जुन्या कायद्यातल्या क्रमांकानं ४४एडीए म्हणतात. मर्यादा ५० लाख. रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. म्हणजे उत्पन्न २० लाख धरायचं, आणि २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीच्या दरांनी कर येतो उपकरासह २,०८,००० रुपये. ऑडिट लागत नाही.

आता तेच काम कंपनीतून करा. संचालक म्हणून स्वतःला २० लाख पगार घेतला, तर कंपनीचा नफा १२ लाख. २२ टक्क्यांचा पर्याय निवडला तर अधिभार आणि उपकर धरून दर पडतो २५.१६८ टक्के, म्हणजे ३,०२,०१६ रुपये. पगारावर ७५,००० ची वजावट जाऊन तुमचा स्वतःचा कर १,९२,४००. दोन्ही मिळून ४,९४,४१६. वर ऑडिटची फी आहेच. आणि उरलेला नफा लाभांश म्हणून घरी आणायचा तर तो तुमच्या उत्पन्नात धरून त्यावर पुन्हा कर. निम्म्या जमेची ही सोय कंपनीला मिळत नाही, एलएलपीलाही (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) मिळत नाही.

फॅब्रिकेशन, इलेक्ट्रिकल, मेंटेनन्स, मजूर पुरवठा अशी ठेकेदारी असेल तर सोय वेगळी: बँकेतून आलेल्या जमेवर किमान ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरायचा. मर्यादा २ कोटी. रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी. इथेही कंपनी आणि एलएलपी बाहेर.

मग कंपनी कोणी काढावी? ज्याची जमा या मर्यादांच्या पुढे चालली आहे, ज्याच्या बरोबर भागीदार आहे, ज्याच्या कामात साइटवर अपघाताची किंवा कराराच्या मोठ्या दंडाची जोखीम आहे, किंवा ज्याचा मुख्य क्लायंट कंपनीशिवाय कामच देत नाही. "मर्यादित जबाबदारी" ऐकून मात्र निर्धास्त होऊ नका. बँक कर्ज देताना संचालकाची वैयक्तिक हमी मागतेच, आणि ती दिली की तेवढ्या कर्जापुरती मर्यादा संपली. हे सीएनं न विचारता सांगायला हवं.

एलएलपी हा मधला रस्ता आहे. उलाढाल ४० लाखांच्या आत आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर ऑडिटची सक्ती नाही, पण करदर ३० टक्के. कंपनीला मात्र एक रुपयाची उलाढाल नसली तरी ऑडिट करावंच लागतं.

सीए म्हणजे तीन वेगळी कामं

नव्या ठेकेदाराचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. "आमचे सीए सगळं बघतात" या वाक्यात तीन कामं दडलेली आहेत. पहिलं, खाती लिहिणं: बिलं, बँक स्टेटमेंट, पगार, टॅलीतल्या नोंदी. दुसरं, भरणा: जीएसटी, टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर), आयकर, कंपनी मंत्रालयाचे फॉर्म. तिसरं, ऑडिट: ती खाती खरी आहेत असं स्वतंत्रपणे सही करून सांगणं.

कंपनी कायदा २०१३ चं कलम १४४ सांगतं की ज्या कंपनीचं ऑडिट करायचं, तिची खाती त्याच ऑडिटरनं लिहायची नाहीत. आयकराचं रिटर्न तो भरू शकतो. वही लिहू शकत नाही. व्यवहारात अनेक ठिकाणी एकाच ऑफिसात एक मुलगा टॅली लिहितो आणि आतल्या केबिनमधून सही होते. चार वर्षं काही होत नाही. मग बँकेचं कर्ज येतं किंवा भागीदारांत वाद होतो, कोणीतरी ते ऑडिट तपासतं, आणि प्रश्न उभा राहतो. म्हणून पहिल्या भेटीतच विचारा: "खाती कोण लिहिणार, आणि ऑडिटची सही कोणाची?" सरळ माणूस सांगेल की खात्यांसाठी मुनीम ठेवा किंवा दुसऱ्या फर्मला द्या, मी ऑडिट करतो, किंवा उलट.

इंदूरमध्ये यासाठी सोयीची पद्धत आहे ती पार्ट टाइम मुनिमाची. सियागंज, लोहा मंडीतल्या पेढ्यांवर दोन-तीन तास बसून खाती लिहिणारी अनुभवी माणसं असतात. महिन्याला चाळीस-पन्नास बिलं असलेल्या ठेकेदाराला आठवड्यातून एक फेरी पुरते. मुनीम हुशार असला तरी त्याला एक गोष्ट बजावून सांगा. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीची खाती अशाच सॉफ्टवेअरमध्ये ठेवायची आहेत ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. टॅलीत त्यासाठी एडिट लॉगची वेगळी आवृत्ती आहे. प्रोप्रायटरशिपच्या काळातली जुनी टॅली तशीच पुढे चालवली, तर ऑडिटरला आपल्या अहवालात तसं लिहावं लागतं.

नातेवाईक सीए असेल तर? रामबाग असो, सुदामा नगर असो, आपल्याकडे बहुतेक घरांच्या ओळखीत एक तरी सीए असतोच. आई-वडील, पती-पत्नी, सख्खा भाऊ-बहीण, मुलगा, सून, मुलगी, जावई यांपैकी कोणी संचालक असेल, तर तो सीए त्या कंपनीचा ऑडिटर होऊ शकत नाही. मामा, आत्येभाऊ या यादीत येत नाहीत, म्हणजे कायद्यानं चालतात. पण काकांना तारीख चुकल्याचा जाब विचारायला जीभ रेटत नाही, त्यांनाही फी मागायला संकोच वाटतो, आणि दोन्ही बाजूंनी न बोललेलं काम मागे पडत जातं. नात्यातल्या माणसाकडून सल्ला घ्यावा. सही आणि भरणा बाहेर द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

माणूस खरा सीए आहे ना?

आरएनटी मार्ग, पलासिया भागात "टॅक्स कन्सल्टंट" अशा पाट्या भरपूर दिसतील. त्यांतले कित्येक जण जीएसटीचं काम उत्तम करतात आणि ते बेकायदा नाही. पण कंपनीचं ऑडिट फक्त व्यवसाय करण्याचा परवाना असलेला चार्टर्ड अकाउंटंटच करू शकतो. त्यामुळे तीन गोष्टी मागा: सहा आकडी सदस्य क्रमांक, सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस चालू असल्याचा पुरावा, आणि फर्मचा नोंदणी क्रमांक. इंदूर सीए इन्स्टिट्यूटच्या मध्य भारत विभागात येतं, म्हणून इथल्या फर्मच्या क्रमांकाच्या शेवटी सहसा इंग्रजी सी अक्षर असतं. क्रमांक इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. नोकरीत असलेला सीए सदस्य असतो, पण त्याच्याकडे पूर्णवेळ व्यवसायाचा परवाना नसतो आणि त्याची सही ऑडिटला चालत नाही. त्याच्या सहीच्या जागी मग दुसऱ्याच कोणाची तरी सही येते, आणि त्या सही करणाऱ्यानं तुमची वही कधी उघडलेलीच नसते.

यूडीआयएन हा अठरा अक्षर-आकड्यांचा क्रमांक १ जुलै २०१९ पासून सीएच्या प्रत्येक ऑडिट अहवालावर आणि प्रमाणपत्रावर असायलाच हवा. टेंडरसाठी उलाढालीचं किंवा नेटवर्थचं प्रमाणपत्र घेतलंत तर तो क्रमांक त्याच दिवशी पडताळून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. नंतर टेंडर उघडताना तो जुळला नाही, तर तुमची बोली बाद होते.

पहिल्या भेटीत काय विचारायचं

अनुभव किती वर्षांचा, क्लायंट किती, हे विचारून फारसं हाती लागत नाही. तुमच्याच कामातला एखादा नमुना समोर ठेवा. ठेकेदारासाठी सगळ्यात चांगला नमुना म्हणजे एक बिल.

तुम्ही १,००,००० रुपयांचं काम केलं. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बिल १,१८,००० चं. समोरची कंपनी ठेकेदारीवरचा टीडीएस कापते. तुम्ही कंपनी असाल तर २ टक्के, एकटी व्यक्ती असाल तर १ टक्का. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ १,००,००० वरच कापायचा. म्हणजे कापले २,००० आणि बँकेत आले १,१६,०००. आता विचारा: "याची नोंद कशी कराल?" बरोबर उत्तर: विक्री १,००,०००, जीएसटी देणं १८,०००, येणं १,१८,०००, पैसे आल्यावर बँक १,१६,००० आणि टीडीएस येणं २,०००.

घाईतलं ऑफिस बँक स्टेटमेंटवरून १,१६,००० ही जमा धरतं आणि त्यातून उलटा जीएसटी काढतं. तसं केलं की विक्री ९८,३०५ दिसते, जीएसटीच्या रिटर्नमध्ये १,००,००० असते, आणि आयकराच्या २६एएसमध्येही (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या टीडीएसचा उतारा) १,००,०००. वर्षभरात अशी साठ बिलं झाली की तिन्ही ठिकाणचे आकडे लाखाच्या घरात वेगळे पडतात, आणि फरक समजावून सांगणारं पत्र तुम्हाला लिहावं लागतं. क्लायंटनं टीडीएसचं तिमाही विवरण चुकीच्या पॅनवर भरलं तर तो ते दुरुस्त करेपर्यंत २,००० लटकतात. म्हणून पुढचा प्रश्न: "२६एएस तुम्ही किती दिवसांनी जुळवता?" उत्तर तिमाहीचं हवं. वर्षाअखेरीस, असं उत्तर आलं तर तोवर क्लायंटचा अकाउंटंट बदललेला असतो.

महापालिका, पीडब्ल्यूडी अशी सरकारी कामं करणार असाल तर आणखी एक. अडीच लाखांवरच्या करारात सरकारी खातं जीएसटीचाही २ टक्के टीडीएस कापतं. तो जीएसटी पोर्टलवर जाऊन स्वतः स्वीकारावा लागतो, तेव्हाच तुमच्या रोख खात्यात जमा होतो. हे बटण न दाबल्यामुळे पैसे महिनोन् महिने पडून राहतात.

परदेशी क्लायंटचं काम असेल तर विचारा, "एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) कधी भरायचं?" दर आर्थिक वर्षासाठी नव्यानं, वर्ष सुरू होताना, हे उत्तर हवं. ते नसेल तर निर्यातीच्या बिलावर आधी १८ टक्के भरून मग परतावा मागत बसावं लागतं. बँकेकडून प्रत्येक रकमेचा परकीय चलन आल्याचा दाखला घ्यायचा, हेही त्यानं सांगायला हवं.

अजून दोन प्रश्न, माणूस कायद्याबरोबर चालतो आहे का ते कळण्यासाठी. एक, "मी संचालक म्हणून पैसे पगार म्हणून घेऊ की फी म्हणून?" पगारावर जीएसटी नाही, फी म्हणून घेतले तर कंपनीला त्यावर १८ टक्के उलट आकारणीनं, म्हणजे पैसे देणाऱ्यानंच, भरावे लागतात. दोन, "ऑफिसची जागा जीएसटी नसलेल्या मालकाकडून भाड्यानं घेतली तर?" १० ऑक्टोबर २०२४ पासून त्या भाड्यावरचा जीएसटी नोंदणी असलेल्या भाडेकरूनं भरायचा आहे. शिवाय १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदललेत. तोंडात जुने क्रमांक बसलेले असणं स्वाभाविक आहे. फॉर्म कुठला, हे मात्र नव्या कायद्याप्रमाणे सांगता यायला हवं.

आणि भेटीत ऑफिसकडेही लक्ष असू द्या. तुमचं काम प्रत्यक्ष कोण करणार त्या आर्टिकल (शिकाऊ सीए) मुलाला किंवा ताईंना भेटा. २० तारखेच्या आसपास मुद्दाम जाऊन बघा. त्या दिवशी मासिक ३बी (जीएसटीचं महिन्याचं रिटर्न) भरायची असते. सगळी फाइल त्याच सकाळी उघडली जात असेल, तर तुमचीही तशीच उघडली जाणार.

फी आणि ते पत्र

एकरकमी "सगळं मिळून इतके" या सौद्याला होकार देऊ नका. कामं वेगळी लिहून घ्या: नोंदणी, जीएसटी महिन्याचं, टीडीएस तिमाहीचं, पगाराचं पीएफ-ईएसआय, ऑडिट, आयकर रिटर्न, कंपनीचे वार्षिक फॉर्म. नोटीस आली तर उत्तराची फी वेगळी की यातच, हेही. मग दोन सीएंच्या दरांची तुलना करता येते. नाहीतर स्वस्त वाटलेल्यात एमजीटी-७ए (कंपनीचं वार्षिक विवरणपत्र) धरलेलाच नसतो.

नोंदणीच्या खर्चात सरकारी भाग वेगळा मागा, चलनासकट. नाव राखून ठेवायचे १,००० रुपये. १५ लाखांपर्यंतच्या अधिकृत भांडवलाला कंपनी मंत्रालयाची नोंदणी फी नाही, राज्याची मुद्रांक ड्युटी लागते. डिजिटल सहीचे टोकन प्रत्येक संचालकाचे. उद्यम (लघुउद्योगाची सरकारी) नोंदणी पूर्ण फुकट आहे. "ग्वाल्हेरला माणूस पाठवावा लागतो" म्हणून कोणी खर्च लावला तर देऊ नका. मध्य प्रदेशचं कंपनी रजिस्ट्रार ऑफिस ग्वाल्हेरला आहे हे खरं, पण नव्या कंपनीचा अर्ज ऑनलाइन भरला जातो आणि मानेसरच्या केंद्रीय नोंदणी केंद्रात तपासला जातो.

वाचवलेल्या कराच्या किंवा मिळालेल्या परताव्याच्या टक्केवारीवर फी मागणारा सीए टाळा. अशी फी त्यांच्या स्वतःच्या आचारसंहितेत, थोडे अपवाद सोडले तर, निषिद्ध आहे. आणि परतावा फुगवण्यात त्याचा फायदा असतो, सही मात्र तुमची.

हे सगळं एका पानाच्या पत्रावर घ्या. त्यात एक ओळ हवीच: तुम्ही कागद कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे. महिन्याची बिलं ५ तारखेपर्यंत दिली नाहीत आणि जीएसटीआर-१ ची (विक्रीच्या बिलांचं विवरण) ११ तारीख चुकली, तर दोष तुमचा. ही बाजू ठेकेदार नेहमी विसरतात.

किल्ल्या स्वतःकडे

सीए कितीही सज्जन असू द्या, हा भाग सोडू नका. जीएसटी, आयकर, टीडीएस, कंपनी मंत्रालय, पीएफ, ईएसआय: प्रत्येक पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल तुमचा किंवा कंपनीचा असावा. घाईत ऑफिसवाले स्वतःचा ईमेल टाकतात, म्हणजे ओटीपीसाठी तुम्हाला सारखं छळावं लागत नाही. पण मग नोटिसाही तिकडेच जातात. सलग सहा महिने मासिक रिटर्न राहिली तर जीएसटी नोंदणी रद्द होऊ शकते, आणि ते तुम्हाला क्लायंट सांगतो, कारण त्याला तुमच्या बिलाचं क्रेडिट मिळेनासं होतं.

डिजिटल सहीचं यूएसबी टोकन म्हणजे तुमची सही. पुष्कळ ऑफिसांत टेबलाच्या खणात रबरबँड लावून, वर नावाची चिठ्ठी चिकटवून अशी वीस-तीस टोकनं पडलेली असतात, पिन त्याच चिठ्ठीवर. तुमचं टोकन घरी ठेवा. फॉर्म भरायच्या दिवशी घेऊन जा, काय सही होतंय ते पीडीएफमध्ये वाचा, परत आणा. दुसरा संचालक म्हणून पत्नीचं नाव घातलं असेल तर तिनंही वाचावं. सलग तीन वर्षं वार्षिक फॉर्म भरले नाहीत तर सगळेच संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात, नावापुरते असले तरी.

टॅलीचा बॅकअप दर महिन्याला स्वतःच्या पेनड्राइव्हवर घ्या. डेटा तुमचा आहे.

नोंदणीनंतरचे १८० दिवस

नोंदणी प्रमाणपत्र आल्याच्या दिवशीच सीएनं तुम्हाला तारखांचा कागद द्यायला हवा. नोंदणीकृत पत्त्यासाठी दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल आणि जागामालकाचं संमतीपत्र लागलेलंच असतं. भाड्याच्या फ्लॅटवर वीज कंपनीचं बिल मालकाच्या नावाचं असतं, त्यामुळे संमतीपत्रातलं नाव बिलावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. तिथेच अर्ज परत येतात.

३० दिवसांत संचालक मंडळानं पहिला ऑडिटर नेमायचा. १८० दिवसांत आयएनसी-२०ए, म्हणजे भागधारकांनी शेअरचे पैसे भरल्याची घोषणा, बँक स्टेटमेंट जोडून. हे भरेपर्यंत कंपनीनं धंदाच सुरू करायचा नाही, कर्जही घ्यायचं नाही. नवे ठेकेदार इथे दोन चुका करतात: पहिल्याच आठवड्यात बिल काढतात, आणि दोन्ही भागधारकांचे पैसे एकाच्याच खात्यातून भरतात. प्रत्येकानं आपापल्या खात्यातून, ज्याचे त्यानं भरायचे. चुकलं तर कंपनीला ५०,००० दंड, संचालकांना दिवसाला १,००० प्रमाणे प्रत्येकी एक लाखापर्यंत.

कंपनी कधी काढायची हेही विचारा. १ जानेवारी किंवा त्यानंतर नोंदली तर कंपनी कायद्याखालचं पहिलं आर्थिक वर्ष थेट पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चला संपवता येतं. डिसेंबरात नोंदली तर तीन-चार महिन्यांचंही पूर्ण ऑडिट. आयकराचं वर्ष मात्र येत्या मार्चलाच संपतं, रिटर्न भरावंच लागतं.

पहिल्या वर्षात सगळ्यात महाग पडणारी सवय म्हणजे कंपनीच्या खात्यातून घरचे पैसे काढणं. किराणा, मुलांची फी, गाडीचा हप्ता. वही लिहिताना ते "संचालकाला उसने" म्हणून जातं. कंपनी कायद्यात, ठरावीक अटींत बसणाऱ्या खासगी कंपन्या सोडल्या तर, संचालकाला असं कर्ज द्यायला बंदी आहे, आणि आयकरात १० टक्के किंवा जास्त मतदान हक्क असलेल्या भागधारकाला दिलेली उसनवारी लाभांश धरून त्यावर कर लावता येतो. पहिल्याच महिन्यात पगाराचा आकडा ठरवा, ठराव करा, टीडीएस कापून ७ तारखेपर्यंत भरा. मजुरांना रोख देताना एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर गेलात तर तो खर्चच धरला जात नाही; हजेरीपत्रक आणि सह्या मुनिमाकडे दर आठवड्याला पोचल्या पाहिजेत.

आणि काम नाही म्हणून फॉर्म नाही, असं कंपनीत नसतं. एओसी-४ (वार्षिक हिशेब दाखल करायचा फॉर्म) आणि एमजीटी-७ए राहिले तर दिवसाला प्रत्येकी १०० रुपये. वर्षभर दोन्ही राहिले की ७३,०००.

जमलं नाही तर

सीए बदलायचा असेल तर वार्षिक फॉर्म आणि रिटर्न उरकल्यावर, वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत बदला. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गर्दीत नको. खाती आणि जीएसटीचं काम बदलायला नुसती सूचना पुरते. ऑडिटर बदलायला रीत आहे: जुना राजीनामा देतो आणि ३० दिवसांत एडीटी-३ (राजीनाम्याचा फॉर्म) भरतो, नवा पद स्वीकारण्याआधी जुन्याला लेखी विचारतो. जुन्याची वाद नसलेली ऑडिट फी बाकी असेल तर नव्यानं काम घ्यायचं नसतं, म्हणून ती आधी चुकती करा. त्याच दिवशी टॅलीचा पूर्ण डेटा, भरलेल्या प्रत्येक फॉर्मची पावती, नोटिसांच्या प्रती, ठरावांची वही घ्या, आणि घरी येऊन सगळ्या पोर्टलचे पासवर्ड बदला.